नैवेद्याच्या आधी

२० जून १९४८, रविवार

अक्का आज पुन्हा पडली. साडेदहाला, चुलीपाशी. भाताचं पातेलं उतरवता उतरवता बसली ती बसलीच. नशीब, पातेलं कलंडलं नाही. सूनबाई, सुमन, ओरडली म्हणून मी पूजेतून उठलो. अभिषेक अर्धा राहिला, तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. म्हणजे आज जेवणं सव्वा वाजता.

संताप झाला. माझी थोरली बहीण, अडुसष्ट वर्षांची बाई. पहाटे उठते, आडाचं पाणी काढते, सोवळ्यात सगळा स्वयंपाक करते आणि तोवर तोंडात काही नाही. म्हटलं, "सकाळी काही खात का नाहीस?" तर म्हणते, "देवाच्या आधी?" जसं काही मी तिला चोरी करायला सांगितली.

अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून एकभुक्त. दिवसातून एकदा जेवण, तेही देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर. सत्तावन्न वर्षं चाललंय. मी स्वतः सातला नाश्ता करतो, पित्तामुळे. औषधाला दोष नाही. उप्पीट अक्काच करते. आज त्यात मीठ फार होतं. चव बघत नाही ना. बोललो तिला.

२२ जून, मंगळ.

हकीमसाहेबांना बोलावलं. पलीकडच्या गल्लीतले, चिक्कडपल्लीत आम्ही घर केलं तेव्हापासूनचे शेजारी. अक्काने मनगटावर रेशमी वस्त्राचं टोक टाकून नाडी दाखवली. बराच वेळ डोळे मिटून बसले. मग माझ्याकडे वळून, "बीमारी कुछ नै साब. पेट खाली है. इस उमर में दोपहर तक खाली पेट रहे तो चक्कर आतेच."

सांगून गेले ते असं: उठल्यावर दोन तासांत पोटात काहीतरी जायलाच हवं. गरम दूध, मऊ दलिया, एखादं केळं, भिजवलेले मनुके. थोडं, पण रोज. तरुण माणूस कालच्या जेवणावर निभावतो, म्हाताऱ्या अंगात शिल्लक राहत नाही. सकाळ उपाशी गेली की हाडं, डोकं, पाय, सगळं कुरकुरतं.

अक्का मान हलवत होती. ते गेल्यावर विचारलं, उद्यापासून ना?

"बघू."

हिचं 'बघू' मी ओळखून आहे.

सुलतान बाजारात रॉकेल नाही. हात हलवत परत.

२७ जून, रवि.

पाच दिवसांत सकाळचा एक घास नाही. आज हुकूमच काढला. अदालतीत तीस वर्षं पेशकारी केली, न्यायाधीशाच्या शेजारी बसून कागद वाचले, हुकूम लिहिले. हाताला पाठ आहे. जाड पुठ्ठा घेतला. ठळक अक्षरांत लिहिलं, अक्कांनी रोज सकाळी सात वाजता नाश्ता करावा, कसूर होता कामा नये. खाली सही, तारीख. स्वयंपाकघराच्या दारावर ठोकला.

दुपारी पाहतो तर पुठ्ठा काढून अक्का त्याने चुलीला वारा घालतेय. "बापू, हे छान जाड आहे रे."

तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक नाही का? ठाऊक आहे. कुणी शिकवलंच नाही. राग आला की हे सुचत नाही मला. सुमन पदराआड हसत होती. सूनबाईला सहावा महिना, म्हणून काही बोललो नाही. माधव तिकडे नांदेडला शाळा सांभाळतोय, बायको माझ्या भरवशावर. आणि इथे भरवशाचं माणूस रोज चुलीपाशी कोसळतंय.

३ जुलै, शनि.

आजपासून मीही सकाळी खाणार नाही असं जाहीर केलं. तू खाशील तेव्हाच मी. सगळ्या देशाने सत्याग्रह केला, म्हटलं घरात करून पाहू. अक्काने नेहमीसारखं उप्पीट करून झाकून ठेवलं.

आठला ठीक. नऊला पूजेला बसलो. साडेनऊला डोकं ठणकायला लागलं. दहाला आवर्तन चुकलं, तीच ओळ तीनदा म्हटली. साडेदहाला पळीतलं पाणी सांडलं, सुमनवर उगाच खेकसलो. अकराला उठलो, स्वयंपाकघरात गेलो, झाकण काढलं आणि उभ्याउभ्या खाल्लं. थंडगार. सगळं.

अक्काने पाणी दिलं. म्हणाली, "तुला सवय नाही रे." एवढंच. टोमणा मारला असता तरी बरं झालं असतं.

४ जुलै, रवि.

कालचं डोक्यातून जात नाही. चार तासांत माझी ही गत. ती त्याच गतीत रोज माझ्यासाठी भाकऱ्या थापते आणि वर विचारते, पोट भरलं का. कुणावर चिडलोय कळत नाही. तिच्यावरच. खायला काय जातं तिचं?

१० जुलै, शनि.

रमजान लागला. हकीमसाहेब रोजा असूनही अक्काला बघायला आले. अक्का पूजेची फुलं तोडत होती, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले. "हम लोगां भी रोज़ा रखते साब, मगर सहर करके. सूरज निकलने के पहले पेट में कुछ डाल के. आपा सत्तावन बरस से बगैर सहर का रोज़ा रख रै."

मग विचारलं, "आप की पूजा कित्ते बजे होती?"

म्हटलं, साडेबारा.

"और आप का नाश्ता?"

सात.

काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "तो आपा आप के वास्ते बैठे रहते."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पूजेच्या बाबतीत तुम्ही बोलू नका, तो तुमचा प्रांत नाही. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. हल्ली रस्त्यावरून लॉऱ्या भरभरून माणसं घोषणा देत जातात, त्यांचा राग या माणसावर काढला. त्यांनी 'माफी' म्हटलं आणि गेले. उन्हात, तहानलेले.

माझ्या पूजेशी याचा काय संबंध?

११ जुलै, रवि.

संबंध आहे.

सकाळी सुमनला विचारलं, मी नोकरीत असताना अक्का किती वाजता जेवायची? सुमन लग्न होऊन आली तेव्हा माझी नोकरीची शेवटची वर्षं. तिने पाहिलेलं आहे.

खाली बघून म्हणाली, "साडेआठला, मामंजी. तुम्हाला दफ्तरात जायचं असायचं. आठाच्या आत नैवेद्य व्हायचा. तुम्ही जेवून निघालात की अक्का पान घ्यायच्या."

"आणि आता?"

"आता एक होतो. कधी दीड."

पाच वर्षं. वजीफा म्हणजे पेन्शन लागली, घरी बसलो आणि मला देव आठवला. नऊ ते साडेबारा. अभिषेक काय, आवर्तनं काय, सहस्रनामं काय. येईल-जाईल त्याला सांगत होतो की आता पूजा मनासारखी होते. पोटात उप्पीट घालून सांगत होतो. आणि आत ती चुलीपाशी वाट बघत, की हा घंटा कधी वाजवतो.

सुमनला विचारलं, मग कुणी बोललात का नाही? तर अक्का म्हणाली होती म्हणे, "जन्मभर घाईत पूजा केली त्याने. आता करू दे बापड्याला."

बापडा! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तीन आठवडे मीच तिच्यावर ओरडतोय, खात का नाहीस, खात का नाहीस.

१२ जुलै, सोम.

पाणी मी काढलं. सुमनने वरण लावलं, अक्काने भात. पूजा वीस मिनिटांत. ना. (नैवेद्य) सव्वासातला दाखवला.

अक्का संशयाने बघत होती. "एवढ्या सकाळी देवाला भूक लागते का?"

"लागते. तोही म्हातारा झाला."

हसली. आठाच्या आत पान घेतलं. किती दिवसांनी घरात बरं वाटलं. ह. सा.कडे (हकीमसाहेबांकडे) जाऊन पाय धरावे असं मनात आलं. गेलो नाही. तोंड कुठलं दाखवू?

१५ जुलै, गुरु.

मूर्ख मी. सकाळी जेवते ते खरं, पण मग दिवसभर काही नाही. एकभुक्त म्हणजे एकदाच. पूर्वी दुपारी एक ते दुसऱ्या दुपारी एक उपाशी, आता सकाळी आठ ते दुसऱ्या सकाळी आठ. मी फक्त उपास सरकवला. काल तिन्हीसांजेला दिवा लावताना भिंत धरून उभी होती.

म्हटलं, अक्का, सकाळी थोडं आणि दुपारी पुन्हा थोडं. म्हणाली, "दोनदा जेवू? मी?"

"कुणी सांगितलंय एकदाच म्हणून?"

"बाबांनी."

वडील जाऊन एकतीस वर्षं झाली. त्यांचा हुकूम मात्र अजून अंमलात. माझा पुठ्ठा चुलीला वारा घालायला.

१७ जुलै, शनि. एकादशी

आजपासून चातुर्मास. अक्काने नेम जाहीर केला. चार महिने धरणं-पारणं. म्हणजे एक दिवस जेवायचं, एक दिवस नाही. सुमनचं सुखरूप व्हावं, माधवला काही होऊ नये, शहरातला दंगा मिटावा म्हणून.

ओरडलो. गल्लीत ऐकू गेलं असेल. म्हटलं, मग सरळ मरते म्हण.

"मरण आपल्या हातात आहे का?"

म्हटलं, मी घर सोडून जातो.

"जा. जेवून जा."

या बाईपुढे कुणाचं काय चालणार!

२१ जुलै, बुध.

चाललं. सुमनचं चाललं. माझी तीस वर्षांची अदालत तिच्यापुढे फुकट.

सकाळी सुमन दुधाचा पेला पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. अक्काने विचारलं तर म्हणाली, "एकटीला घोट उतरत नाही, अक्का. पोटातलंही मग उपाशी राहतं. तुम्ही समोर बसून काही घेतलंत तर घेईन." अक्का म्हणाली, अगं माझं एकवेळचं. सुमन म्हणाली, "जेवण कोण म्हणतंय? फराळाचं. राजगिरा, दूध, केळं. एकादशीला घेताच ना तुम्ही? फराळाने एकभुक्त मोडत नाही."

अक्का विचारात पडली. मग धरणं-पारणं गेलं आणि नवा नेम ठरला: रोज सकाळी सातला, देवाला दूध दाखवून, गर्भारशीच्या सोबतीने फराळ. पुन्हा दुपारी एकदा जेवण. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

ना. आता साडेअकराला. पूजा अर्धा तास. देवाची तक्रार आलेली नाही.

९ ऑगस्ट, सोम.

तीन आठवडे झाले. अक्काचा चेहरा पालटला. भिंत धरत नाही. काल माझं उप्पीट करताना काहीतरी गुणगुणत होती, हे मी या घरात प्रथम ऐकलं. एवढ्याशा राजगिऱ्याने आणि पेलाभर दुधाने! सत्तावन्न वर्षांत हे कुणाला सुचलं नाही. घरात वकील, मास्तर, पेशकार. एकजात शहाणे.

आज सुमन गेली. तिचा भाऊ आला होता, म्हणाला शहराचा भरवसा नाही, ताईला सोलापूरला नेतो. त्याचं बरोबर आहे. गाडी सुटेपर्यंत ती मला एकच सांगत होती, "मामंजी, अक्कांबरोबर तुम्ही बसा सकाळी."

१५ ऑगस्ट, रवि.

तिकडे स्वातंत्र्याला वर्ष झालं. इथे दारं लावून बसलोय. शेजारचे दोन बिऱ्हाडकरू कुलूप घालून गेले.

आणि अक्काने फराळ सोडला. नेम गर्भारशीच्या सोबतीचा होता, गर्भारशी गेली, नेम संपला. कायद्याने बोलते. हिला पेशकार करायला हवं होतं.

रोज सातला मी पाट घेऊन आत जाऊन बसतो. दोन वाट्या ठेवते, एक माझी, एक तिची. मी खातो. ती विस्तव सारखा करते, भांडी पुसते, तुळशीला पाणी घालायला जाते. मी उठलो की तिची वाटी तशीच.

आज ओरडलो, तर पाठमोरी म्हणाली, "तुझ्यासमोर कशी खाऊ?"

तेव्हा लक्षात आलं. अक्काला खाताना मी कधी पाहिलेलंच नाही. एकदाही नाही. तिने वाढलं, आम्ही उठलो, मग ती आत. साठ वर्षांचा झालो आणि बहीण घास कसा घेते हे मला माहीत नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तो आलाच.

५ सप्टेंबर, रवि.

दूधवाला आठ दिवस नाही. खेड्याकडचे रस्ते बंद. राजगिरा आहे तो पाण्यात भिजवून ठेवतो. ती बघते, हो म्हणते, दुपारी तो गल्लीतल्या गाईला.

आज आडापाशी पडली. कपाळाला खोक, रक्त डोळ्यांत. मी तसाच उघडाबोडका ह. सा.कडे पळालो. दोन महिने त्या दाराकडे बघितलं नव्हतं. ते अनवाणी आले. खोक धुतली, पट्टी बांधली. माझं तोंड उघडलं माफीसाठी, तर म्हणाले, "वो बाद में, साब. पहले पानी गरम करो."

जाताना दारात थांबून म्हणाले, पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही. मराठीत म्हणाले, मला नीट कळावं म्हणून.

अक्काला ते सांगितलं. "बरं," म्हणाली. बरं!

१४ सप्टेंबर, मंगळ.

काल पहाटेपासून फौज आत शिरलीय म्हणतात. विमानं गेली वरून. अक्का अंगणात उभी राहून बघत होती, पट्टीवर हात धरून. मी खेचून आत आणलं. माधवचं पत्र नाही. सुमनचं नाही. दोघं म्हातारे आणि एक आड.

सकाळची वाटी ठेवलीच होती. तिने चिमण्यांना घातली. माझ्या डोळ्यांदेखत, निवांत.

१८ सप्टेंबर, शनि.

संपलं. काल रेडिओवर सांगितलं. रस्त्यात गुलाल, पेढे, लोक एकमेकांच्या गळ्यात. मलाही कुणी मिठी मारली, ओळख ना पाळख. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

घरी येऊन अक्काला सांगितलं, राज्य बदललं.

"म्हणजे काय झालं?"

म्हटलं, आता कुणाच्या बापाची भीती नाही.

"बरं झालं. दूधवाला येईल का आता?"

हसावं की रडावं. मग वाटलं, दूधवाला आला तरी ही पिणार आहे थोडीच. बाहेरचं राज्य चार दिवसांत गेलं, आमच्या चुलीवरचं जात नाही. पेढा दिला, तो तिने देवापुढे ठेवला.

२० सप्टेंबर, सोम.

ह. सा.च्या दारावर रात्री कुणी दगड मारले. गुलालवाल्यांतलेच कुणी असणार. दवाखाना बंद. मागच्या दाराने गेलो. अंधारात बसले होते, बायकोमुलांना हिमायतनगरला मेहुण्याकडे पाठवून. एवढा दाढीवाला, भारदस्त माणूस, कडी वाजली तसा दचकला. त्या दगड मारणाऱ्यांना चाबकाने फोडावं असं वाटलं.

माफी मागितली. जुलैतली. हात धरून म्हणाले, "छोड़ो साब." आणि मग, "आपा सुबू में कुछ खा रै क्या नै?"

या दिवसांत. या अंधारात. म्हटलं, नाही.

"तो फिर आप क्या कर रै?"

 संध्याकाळी त्यांना आमच्याकडे आणलं. पुढच्या खोलीत राहतील निवळेपर्यंत. अक्काने त्यांच्यासाठी वेगळी भांडी काढली, पण भात स्वतः वाढला, दुसऱ्यांदाही वाढला. 'नको' म्हणाले तर रागावली, उपाशी राहून कसं चालेल म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

२४ सप्टेंबर, शुक्र.

वडिलांचं श्राद्ध. पितृपक्षातली सप्तमी. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत घरात कुणी काही खायचं नाही, म्हणजे दोन-अडीच. स्वयंपाक करणारीने तर पाणीही नाही.

काल कुणालाही न विचारता ठरवलं होतं. आज दूधवाला आला. दूध मी तापवलं. राजगिरा घातला, केळं कुस्करलं, गूळ घातला. आठला वाटी अक्कापुढे ठेवली. ती सोवळ्यात, चूल पेटवायच्या बेतात.

"आज? बाबांच्या दिवशी?"

म्हटलं, आजच. आधी तू, मग ते.

रागावेल, कानांवर हात ठेवेल असं वाटलं. खाली बसली. वाटीकडे बघत म्हणाली, "तुला आठवणार नाही बापू. तू तीन वर्षांचा होतास."

तिच्या नवऱ्याचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. ती सवयीने न्याहारीला बसली, दूध-भाकरी घेऊन. बाबा आले. "ओरडले नाहीत रे," म्हणाली. ताटली उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. आणि तिलाच म्हणाले, भरव त्याला. तिने भाकरी कुस्करून मला भरवली. अकरा वर्षांच्या पोरीने.

"तू सगळी खाल्लीस. मी म्हटलं, वाया तर नाही ना गेली."

हे ती साधेपणाने सांगत होती, पाऊस किती झाला हे सांगावं तसं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ज्यांचं आज श्राद्ध घालायचं त्यांनी हे केलं. आणि मी पोटभर खाल्लं. रोज सातला अजून तेच खातोय, तिच्या पुढ्यातून उचललेलं.

वाटी घेतली, बोटांनी कालवलं आणि घास तिच्या तोंडाशी नेला. ओठ मिटून बसली. मी हात मागे घेतला नाही. दूध कोपरापर्यंत ओघळलं. हात भरून आला, तरी धरला. किती वेळ ते माहीत नाही. मी रडत होतो आणि तिला शिव्या देत होतो, दोन्ही.

शेवटी म्हणाली, "दे ती वाटी इकडे. आणि बाहेर हो. कुणी बघत असलं की मला गिळत नाही."

बाहेर झालो. तिने आतून कडी घातली.

ओसरीवर बसून लिहितोय. दहा वाजले. गुरुजी आलेत, दर्भ-तीळ मांडून बसलेत. चूल पेटलेली नाही, कारण पेटवणारी कडी घालून आत आहे. ह. सा. पुढच्या खोलीच्या दारात उभे. मघाशी गुरुजींना सगळं सांगून टाकलं. हादरले. खाल्लेल्या बाईच्या हातचं पितरांना चालत नाही म्हणाले. म्हटलं, मग कोरडा शिधा देतो, डाळ-तांदूळ घेऊन जा, ते शास्त्रात आहे. म्हणाले, आणि बाईंनी खाल्लं नसेल तर? म्हटलं, तर मी स्नान करत नाही आणि श्राद्धही होत नाही.

रिकामी वाटी दाखवेल तरी खरं कसं कळणार? मागच्या खिडकीबाहेर चिमण्या आहेत. मी उठून बघणार नाही. तिने सांगितलंय बघू नकोस, एवढं तरी तिचं ऐकतो.

गुरुजी आता पुन्हा आले. म्हणतात, यजमान, वेळ टळते, वडील खोळंबतील.

म्हटलं, खोळंबू द्या त्यांना.

आतून अजून काही आवाज नाही.